वरकुट्याचे पाणी आणि पाण्याचा सामू

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



प्रतिवर्षी या मेळाव्यात आम्ही जमाखर्चाचे निवेदन करीत असतो. ते यंदाही अहवालाच्या पुढील पानांत छापलेले असून त्याखाली लेखापरीक्षकांची सही आहे. ते पुन्हा वाचून दाखवून आपला वेळ घेत नाही. यंदा बोलायचे आहे ते त्यातील एकाच ओळीविषयी. खर्चाच्या बाजूस ‘पाणी’ या सदराखाली पडलेली रक्कम पाहून अनेक देणगीदारांनी आमच्याकडे पृच्छा केली. तालुक्याच्या उत्तरेस भीमा आहे, दक्षिणेस नीरा आहे, उजनीचा फुगवटा आहे, अंगणात बोअर आहे, मग पाण्यावर एवढा खर्च कशासाठी, असा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न रास्त आहे. दात्याने दिलेल्या रुपयाचा हिशेब मागणे हा त्याचा अधिकारच आहे.

उत्तर देऊ लागलो तेव्हा ध्यानात आले, की त्यासाठी थोड्याशा रसायनशास्त्रात शिरणे भाग आहे. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. शास्त्राशी आमचा संबंध दहावीलाच सुटला. येथे जे सांगणार आहोत ते आमच्या डॉक्टरांनी, डायलिसिस कक्षातील तंत्रज्ञांनी आणि एका निवृत्त विज्ञानशिक्षकांनी आमच्याकडून अक्षरशः घोटून घेतलेले आहे. सांगण्यात काही उणे राहिले तर तो दोष शिकविणाऱ्यांचा नाही.

आपणासमोर मेजावर पाच पेले मांडले आहेत. एकात मिठाचे पाणी आहे, दुसऱ्यात साखरेचे, तिसऱ्यात लिंबाचा रस, चौथ्यात धुण्याचा सोडा आणि पाचव्यात चुन्याची निवळी. शेजारी हळदीच्या पाण्यात बुडवून वाळविलेल्या कागदाच्या पट्ट्या आहेत. प्रयोग सुरू करण्यापूर्वी आम्ही समोरच्या रांगेतील मंडळींना विचारले, की यांपैकी कोणकोणत्या पेल्यांत पट्टी लाल होईल? बहुतेकांनी तीन पेले सांगितले : चुना, सोडा आणि मीठ. मीठ का, तर मीठ म्हणजे क्षारच की! प्रत्यक्षात काय झाले ते आपण पाहिले. सोडा आणि चुना यांत पट्टी लालभडक झाली. मिठात ती पिवळीच राहिली, जशी साखरेत राहिली, जशी लिंबात राहिली.

हा चमत्कार आपल्या घरातील भगिनींना नवा नाही. आमटीचा डाग पडलेल्या सदऱ्याला साबण लावला की डाग लाल होतो आणि खळखळून धुतल्यावर पुन्हा पिवळा दिसतो. हळदीपासून कुंकू करण्याची जुनी रीत याच गुणावर उभी आहे. मात्र हळदीला एकच बाजू ओळखता येते. आम्ल आणि उदासीन यांतील भेद तिला कळत नाही. तो कळण्यासाठी जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात भिजवून काढलेला रंग वापरावा लागतो. तो लिंबात तांबडा होतो, सोड्यात हिरवट होतो आणि मीठ व साखर यांत होता तसाच राहतो. म्हणजे मीठ आणि साखर या दोन वस्तू, एक खारट व एक गोड असूनही, पाण्याच्या दृष्टीने एकाच पंगतीत बसतात. दोन्ही उदासीन.

असे का व्हावे? आमचीही समजूत प्रथम अशीच होती, की आंबटपणा हा लिंबाच्या अंगात असतो आणि झोंबरेपणा चुन्याच्या अंगात. शिक्षकांनी ती समजूत मोडून काढली. ते म्हणाले, पदार्थाला एकट्याला पाहू नका, तो पाण्यात पडल्यावर पाण्याशी कोणता व्यवहार करतो ते पाहा.

व्यवहार म्हटल्यावर आमचे कान टवकारले. पाण्याचा रेणू हा हायड्रोजनचे दोन आणि ऑक्सिजनचा एक अणू मिळून झालेला. शुद्ध पाण्यातही अगदी थोडे रेणू आपसांत देवघेव करतात. एक रेणू हायड्रोजनचा धनभारित कण, म्हणजे प्रोटॉन, देऊन टाकतो आणि शेजारचा तो घेतो. घेणारा आम्लतेच्या बाजूस जातो, देणारा अल्कतेच्या. हे किती थोडे घडते? साधारण खोलीच्या तापमानाला, म्हणजे पंचवीस अंशांना, सुमारे पंचावन्न कोटी रेणूंमागे एक. परंतु शुद्ध पाण्यात जेवढे एका बाजूस तेवढेच दुसऱ्या बाजूस, जमा व नावे तंतोतंत जुळलेले. याचेच नाव उदासीन.

आता या जुळलेल्या वहीत बाहेरचा पदार्थ आला. लिंबातील आम्ल आले तर ते आपल्याजवळचा प्रोटॉन पाण्याला देते, जमेची बाजू वाढते आणि पाणी आम्लधर्मी होते. फरशी धुण्याचे ॲसिड, म्हणजे मिठाचे आम्ल, आपल्याजवळचे सर्व प्रोटॉन एकदम देऊन मोकळे होते. लिंबू आणि व्हिनेगर हातचे राखून देतात. म्हणून एक कातडी जाळते आणि दुसरे आपण सरबतात पिळतो. धुण्याचा सोडा उलट करतो. त्यातील कार्बोनेट पाण्याकडूनच प्रोटॉन ओढून घेते, मागे अल्कधर्मी अंश उरतो आणि पाणी बुळबुळीत होते. चुना तो अंश बरोबर घेऊनच येतो. आणि मीठ? मीठ विरघळते, त्याचे सोडियम व क्लोराइड असे दोन भाग सुटे होतात, परंतु त्यांपैकी एकही पाण्याशी ही देवघेव करीत नाही. साखर तर सुटीही होत नाही, अख्खी रेणूनिशी पाण्यात वावरते. शेतकरी बांधवांसाठी एक उदाहरण सांगतो. अमोनियम सल्फेट हेही रसायनाच्या भाषेत मीठच आहे, पण त्यातील अमोनियम पाण्याला प्रोटॉन देते, म्हणून ते खत आम्लधर्मी ठरते. ‘मीठ’ या शब्दावरून काहीच कळत नाही. प्रत्येकाची वही वेगळी उघडून पाहावी लागते.

हा विचार मांडणारे स्वीडनचे स्वांते अऱ्हेनियस यांच्या १८८४ सालच्या प्रबंधाला विद्यापीठाने जेमतेम दर्जा दिला होता. पुढे १९०३ मध्ये त्याच कामासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९०९ मध्ये डेन्मार्कच्या सोरेन्सन यांनी ही देवघेव मोजण्याची पट्टी तयार केली. ते कार्ल्सबर्ग या बिअर बनविणाऱ्या उद्योगाच्या प्रयोगशाळेत काम करीत होते. रुग्णालयाच्या व्यासपीठावरून बिअरचे नाव घेतल्याबद्दल क्षमा असावी, परंतु आज रुग्णांच्या रक्ततपासणीत जिचा उपयोग होतो ती मोजपट्टी तेथूनच आली. तिला पीएच म्हणतात. आपल्या शेतीखात्याने तिला ‘सामू’ असे सुटसुटीत नाव दिले आहे. सात म्हणजे उदासीन, सातच्या खाली आम्ल, वर अल्क. यातील खोच अशी, की प्रत्येक पायरी दहापटीची आहे. सामू सातचा सहा झाला तर आम्लता दहापट होते, पाच झाला तर शंभरपट. आम्ही एकदा दोन टाक्यांच्या सामूंची सरासरी काढून नोंदवहीत लिहिली होती. तंत्रज्ञांनी अदबीने ती खोडली. दहापटीच्या पायऱ्यांची बेरीज करून दोनाने भागता येत नाही, हे आमच्या पदवीने आम्हांस शिकविले नव्हते.

ही पट्टी निघाली त्याच्या पुढच्याच वर्षी, १९१० मध्ये, आपल्या खोऱ्याविषयी एक महत्त्वाचा अहवाल मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याने प्रसिद्ध केला. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी तो लिहिला होता आणि त्याचा विषय होता नीरा खोऱ्यातील क्षारपड जमिनी. नीरा डाव्या कालव्याचे पाणी या भागात आले ते १८८०च्या दशकात. अवर्षणाने पिचलेल्या प्रदेशाला ते वरदान वाटले आणि होतेही. परंतु काळ्या भारी जमिनीत पाण्याचा निचरा सावकाश होतो. उसाला भरपूर पाणी दिले गेले, जमिनीखालच्या पाण्याची पातळी वर चढत गेली, ते पाणी केशाकर्षणाने पृष्ठभागी येऊन उन्हाने उडून जाऊ लागले आणि त्यात विरघळलेले सर्व पदार्थ मातीतच राहू लागले. पाणी वाफ होऊन जाते, क्षार जात नाहीत. कालवा सुरू झाल्यावर एका पिढीच्या आतच शासनाला या विषयावर शास्त्रज्ञ नेमावे लागले, यावरूनच प्रश्नाचे गांभीर्य ध्यानी यावे.

आम्हांस येथे जो मुद्दा सांगायचा आहे तो असा, की ‘जमिनीत क्षार फुटले’ या एकाच वाक्याखाली दोन निरनिराळी दुखणी दडलेली असतात. एका जमिनीत विद्राव्य क्षार फार असतात. पृष्ठभागी पांढरा थर दिसतो, पण सामू साडेआठच्या आतच असतो. आपल्या मिठाच्या पेल्यासारखी तिची स्थिती. पिकाला तहान लागते आणि पाणी असून पिता येत नाही. दुसऱ्या जमिनीत सोडियम मातीच्या कणांनाच चिकटून बसलेले असते आणि सामू साडेआठच्या वर चढतो. ही आपल्या सोड्याच्या पेल्याची बहीण. शेतकरी तिला चोपण म्हणतात. पावसात ती लोण्यासारखी होते, उन्हात दगडासारखी, आणि पाणी आत मुरतच नाही. पहिलीला चांगल्या पाण्याने धुवून चर काढून निचरा करून दिला तर ती सुधारते. दुसरीला नुसते धुणे पुरत नाही. आधी जिप्सम घालावे लागते, त्यातील कॅल्शियम सोडियमला जागेवरून हुसकावते आणि मगच धुण्याचा उपयोग होतो. जिच्यात दोन्ही दोष आहेत अशी जमीन जिप्समशिवाय धुतली तर विद्राव्य क्षार निघून जातात, सोडियम मागे राहते आणि जमीन पूर्वीपेक्षा अधिक चोपण होते. औषध योग्य, रोगाचे निदान चुकलेले, अशी ही गत आहे. २०१५ पासून मिळू लागलेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत सामू आणि विद्युत वाहकता या दोन ओळी वेगवेगळ्या छापलेल्या असतात त्या याच कारणासाठी. वाहकतेवरून क्षार किती ते कळते आणि सामूवरून त्यांनी पाण्याशी कोणता व्यवहार केला ते कळते. बारामती तालुक्यात माळेगाव खुर्द येथे २००९ मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने पिकांवरील अजैविक ताणांच्या अभ्यासासाठी राष्ट्रीय संस्था स्थापन केली. त्या ताणांत क्षारही येतात. म्हणजे मान-ताम्हणे यांचा विषय शंभर वर्षांनंतरही संपलेला नव्हता.

आता रुग्णालयाकडे वळतो. आपल्या बोअरचे पाणी मचूळ आहे हे सर्वांस ठाऊक आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणातून झिरपत येणाऱ्या पाण्यात बायकार्बोनेट उतरते आणि ते सहसा किंचित अल्कधर्मी असते. आम्ही मात्र अनेक वर्षे त्यातील एकूण क्षारच मोजत होतो, कारण खिशात मावणारे स्वस्त यंत्र तेवढेच दाखविते. सामू कोणी मोजला नव्हता. टाकीत नेमाने टीसीएल पावडर पडत होती, ओ.टी. चाचणीत पिवळा रंग येत होता आणि नोंदवहीत ‘समाधानकारक’ असा शेरा पडत होता. अशा स्थितीत प्रयोगशाळेकडून पाण्याचा नमुना पिण्यास अयोग्य असल्याचा दाखला आला. आम्ही प्रथम नमुना घेणाऱ्यावर संशय घेतला. दुसरा नमुना पाठविला, तोही तसाच निघाला.

कारण शोधताना सामू मोजला गेला. तो ८.४ होता. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने ६.५ ते ८.५ ही मर्यादा ठरविली आहे, तिच्या आत म्हणजे कागदोपत्री आम्ही निर्दोष. पण क्लोरीन पाण्यात दोन रूपांत राहतो. त्यांतील एक रूप, हायपोक्लोरस आम्ल, जंतूंना झपाट्याने मारते. त्याने प्रोटॉन देऊन टाकला की उरणारे दुसरे रूप फारच मंद असते. सामू सात असेल तर सुमारे तीन चतुर्थांश क्लोरीन पहिल्या रूपात असतो, साडेआठ असेल तर जेमतेम एक दशांश. ओ.टी. चाचणीत मात्र दोन्ही रूपांनी पिवळा रंग येतो. त्यातच पावडरीबरोबर चुना येतो आणि तो सामू आणखी वर नेतो. शिवाय आमची एकच टाकी होती. खालून भरत असतानाच वरच्या मजल्यावर नळ सुरू असत, त्यामुळे मंद झालेल्या औषधाला आपले काम करण्यास अवधीच मिळत नव्हता. आता दुसरी टाकी बांधली आहे. एक भरून झाकून ठेवतो, तोवर दुसरी वापरात असते, आणि सामू व क्लोरीन दोन्हींची नोंद रोज सकाळी होते. ज्या रकमेविषयी आपण विचारणा केली तिच्यातील मोठा हिस्सा या टाकीचा आहे.

याच क्लोरीनविषयी आणखी एक घटना सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो, कारण अहवालात केवळ सत्कार आणि उद्घाटने छापावीत हे आम्हांस मान्य नाही. सफाईचे काम करणाऱ्या आमच्या एका मावशींनी न्हाणीघराच्या फरशीवरील डाग जाईनात म्हणून आधी टीसीएल पावडर पसरली आणि तिच्यावर फरशीचे ॲसिड ओतले. दोन्ही वस्तू स्वच्छतेच्याच, तेव्हा एकत्र केल्यास दुप्पट स्वच्छता होईल, असा त्यांचा सरळ हिशेब होता. पावडरीत क्लोरीन बांधलेला राहतो तो अल्कधर्मी परिसरामुळे. ॲसिड पडताच ते बंधन सुटते आणि क्लोरीन वायुरूपाने बाहेर पडतो. मावशी खोकत, डोळे चोळत बाहेर आल्या आणि जिन्यातच बसल्या. त्यांना ऑक्सिजन लावावा लागला. ती रात्र त्यांनी आमच्याच कक्षात, ज्या खाटांभोवतीची फरशी त्या रोज पुसतात त्यांपैकी एका खाटेवर काढली. सुदैवाने त्या पूर्ण बऱ्या झाल्या.

चौकशी केली तेव्हा असे आढळले, की दोन्ही वस्तू शीतपेयाच्या जुन्या बाटल्यांत भरून एकाच फळीवर ठेवलेल्या होत्या आणि कोणत्याही बाटलीवर नाव नव्हते. मोठे डबे आणून बाटल्यांत वाटून देणे स्वस्त पडते म्हणून ती पद्धत आम्हीच सुरू केली होती. मावशींना वाचता येत नाही हेही आम्हांस ठाऊक होते. त्या सहीऐवजी अंगठा करीत आणि तो पगारपत्रक दर महिन्यास आमच्याच मेजावरून जात असे. आता दोन्ही वस्तू मूळ वेष्टनात, वेगवेगळ्या कपाटांत, वेगवेगळ्या रंगांच्या पट्ट्या लावून ठेवल्या जातात. ॲसिडच्या कपाटाची किल्ली पर्यवेक्षकांकडे असते. आपल्या घरीही न्हाणीघरात या दोन वस्तू शेजारी शेजारी असतील. आज घरी गेल्यावर त्या दूर कराव्यात, एवढी विनंती.

खर्चाचा दुसरा हिस्सा डायलिसिस कक्षाच्या पाण्याचा. एका रुग्णाच्या एका वेळच्या, म्हणजे चार तासांच्या डायलिसिसला साधारण १२० लिटर पाणी लागते आणि ते पातळ पडद्यापलीकडे प्रत्यक्ष रक्ताच्या सान्निध्यात येते. म्हणून ते आर.ओ. यंत्रातून काढावे लागते. येथे आमच्यातील वाणिज्याच्या पदवीधराने पुन्हा काटकसर सुचविली होती. जुन्या जस्ताच्या नळ्या चांगल्या स्थितीत आहेत, नव्या कशाला? तंत्रज्ञांनी स्पष्ट नकार दिला. आर.ओ. यंत्र बायकार्बोनेट अडविते, पण पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड वायू पडद्यातून पार होतो. त्यामुळे असे पाणी किंचित आम्लधर्मी होते आणि त्याला सावरणारे दुसरे काही त्यात उरलेले नसते. ते धातूच्या नळ्या हळूहळू खाते आणि विरघळलेला धातू रुग्णाच्या रक्तापर्यंत पोहोचू शकतो. म्हणून त्या कक्षात वेगळ्या प्रतीच्या प्लॅस्टिकच्या नळ्या बसविल्या. ते देयक आम्ही मुकाट्याने मंजूर केले.

त्या कक्षात प्रत्येक यंत्राशेजारी दोन कॅन असतात, एक ‘ए’ आणि एक ‘बी’. एका रुग्णाच्या मुलाने आम्हांस विचारले, “साहेब, डॉक्टर म्हणतात वडिलांच्या रक्तात ॲसिड साठलंय, आणि तुमच्या ‘ए’ कॅनवर तर ॲसिड असंच लिहिलंय. हे कसं?” आम्हांस उत्तर देता आले नाही. ते नंतर विचारून घेतले. ‘बी’ कॅनमध्ये बायकार्बोनेट असते, तेच रुग्णाचे खरे देणे. ‘ए’ कॅनमध्ये कॅल्शियम वगैरे इतर क्षार असतात. ही दोन्ही नुसतीच एकत्र केली तर किटलीच्या तळाशी बसते तशी पांढरी खरपुडी यंत्रात जमेल. ती जमू नये म्हणून ‘ए’मध्ये थोडे आम्ल, बहुधा व्हिनेगरमधले, घातलेले असते. यंत्रात योग्य प्रमाणात मिसळून तयार होणाऱ्या द्रवाचा सामू रक्ताच्या आसपासच येतो.

रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ एवढ्या अरुंद पट्ट्यात असावा लागतो. अन्न पचविताना आणि शरीर वापरताना रोज आम्ल तयार होत असते. त्यातील वायुरूप भाग फुप्फुसे श्वासावाटे टाकतात, उरलेला मूत्रपिंडे बाहेर घालवितात. मधल्या वेळात भार सोसते ते रक्तातील बायकार्बोनेट. संस्थेच्या भाषेत बोलायचे तर तो राखीव निधी आहे. मूत्रपिंडे निकामी होऊ लागली की रोजचा खर्च राखीव निधीतून भागविला जातो आणि निधीत भर टाकणारे कोणी उरत नाही. स्नायू झिजतात, हाडे आपले साठे देऊ लागतात, धाप लागते. डायलिसिसला येणारा रुग्ण दर फेरीस थोडी रक्कम परत भरून घेऊन जातो आणि पुढच्या फेरीपर्यंत ती पुन्हा संपते. म्हणून ठरलेली फेरी चुकवू नये असे आमच्या परिचारिका पोटतिडकीने सांगतात. एस.टी. चुकली, उसाला तोड आली, पाहुणे आले, ही कारणे आम्ही समजू शकतो. रक्त ती समजून घेत नाही.

या विषयाशी निगडित एका गोष्टीचा उल्लेख न करणे आम्हांस अपराधासारखे वाटेल. गेल्या काही वर्षांत ‘अल्कलाइन पाणी’ देणारी महागडी यंत्रे घरोघर विकली जात आहेत. रक्तातील आम्ल नाहीसे होते, मूत्रपिंडे सुधारतात, असे सांगितले जाते. आपल्या रुग्णांपैकी एका कुटुंबाने त्यासाठी कर्ज काढल्याचे आम्हांस कळले, म्हणून आम्ही बसून साधा हिशेब मांडला. जठरातील रसाचा सामू दोनच्या आसपास असतो, यंत्रातील पाण्याचा नऊ धरू. दहापटीच्या पायऱ्या मोजल्या तर एक लिटर पाण्याची ती अल्कता संपविण्यास अवघा एक मिलिलिटर जठररस पुरतो. पाण्यात बायकार्बोनेट असेल तर थोडा अधिक लागेल. म्हणजे घोट पोटात पोहोचतो तेथेच मामला मिटतो. खरोखर रक्तातील आम्ल वाढलेल्या रुग्णाला डॉक्टर सोड्याच्याच गोळ्या मोजून देतात, त्यांची किंमत किरकोळ असते, आणि त्या मोजूनच घ्याव्या लागतात, कारण त्यांत सोडियम असते.

आणि ‘ॲसिडिटी’! जमिनीच्या ‘क्षारां’सारखाच हा एक शब्द आहे, ज्याखाली अनेक दुखणी लपतात. जठरातील आम्ल ही निसर्गाची योजना आहे. ते वर अन्ननलिकेत आले की जळजळते. परंतु छातीत जळजळ, घाम, डाव्या हातात वा जबड्यात कळ हे सारे ‘पित्त झालंय’ म्हणून सोडा पिऊन झोपलेले आणि पहाटे आपल्या दारात आणले गेलेले हृदयविकाराचे रुग्ण आमच्या डॉक्टरांनी पाहिले आहेत. सगळेच वाचले नाहीत. अशा वेळी पेल्यात सोडा ढवळीत बसू नये. गाडी काढावी. आपल्याकडे ई.सी.जी. रात्रीही काढला जातो.

कार्यक्रमाच्या निमंत्रणपत्रिकेत आपापल्या बोअरचे वा विहिरीचे पाणी बाटलीत भरून आणण्याची विनंती केली होती, त्याप्रमाणे बऱ्याच मंडळींनी बाटल्या आणलेल्या दिसतात. चहापानाच्या मंडपाशेजारी आमचे तंत्रज्ञ सामू आणि वाहकता मोजण्याची दोन्ही यंत्रे घेऊन बसले आहेत. बाटलीवर वस्तीचे नाव व बोअरची खोली लिहावी आणि दोन्ही आकडे कागदावर लिहून घेतल्याशिवाय जाऊ नये. पाच पेले येथेच मेजावर आहेत. मुलांनी हळदीच्या पट्ट्या हव्या तितक्या वापराव्यात, चुन्याच्या पेल्यात मात्र बोट घालू नये.